हापूसच्या खोक्यामागचा कागद

मार्च उजाडला की रत्नागिरीत मोहोर, तुडतुडा, थ्रिप्स आणि वाशीचा भाव यांवर घरोघरी बोलणं होतं. ज्या खोक्यात आंबा प्रवासाला निघतो त्याबद्दल मात्र ऐकीव माहितीवरच भागवलं जातं. भाताच्या पेंढ्यात फळं बसवलेली लाकडी पेटी अजून गेलेली नाही, पण एक-दोन डझनांच्या पन्हळी पुठ्ठ्याच्या खोक्याने तिच्या शेजारी जागा पक्की केली आहे. बागायतदाराचं वर्षभराचं उत्पन्न त्याच्या भरवशावर घाट चढतं. म्हणून या कागदाबद्दलच्या समजुती एकदा तपासून घ्यायलाच हव्यात.

‘हा सगळा धंदा बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या हातात आहे,’ ही त्यातली पहिली. जगभराच्या बातम्या पाहिल्या तर असं वाटणं साहजिक आहे. 2024 मध्ये आयर्लंडची स्मर्फिट कप्पा आणि अमेरिकेची वेस्टरॉक एकत्र आल्या. 2025 च्या सुरुवातीला अमेरिकेच्या इंटरनॅशनल पेपरने ब्रिटनची डीएस स्मिथ विकत घेतली. याच इंटरनॅशनल पेपरने 2011 मध्ये राजमहेंद्रीच्या आंध्र प्रदेश पेपर मिल्समध्ये बहुतांश हिस्सा घेतला होता, पण 2019 मध्ये तिथला ताबा दांडेलीत गिरणी असलेल्या वेस्ट कोस्ट पेपर मिल्सकडे दिला. आंब्याच्या खोक्यापर्यंत या कंपन्या सहसा पोचतच नाहीत, आणि त्याचं कारण साधं आहे. पन्हळी पुठ्ठा चपटा करून रचला तरी त्याच्या पोटात हवाच जास्त असते. तो लांबून आणला तर नफा भाड्यातच जातो. म्हणून भारतात खोके बनवण्याचं काम हजारो लहान-मध्यम कारखान्यांत विखुरलेलं आहे आणि त्यांचा क्राफ्ट कागद वापीसारख्या ठिकाणच्या गिरण्यांतून येतो. बहुराष्ट्रीय कंपन्या आपल्याकडे आहेत त्या वेगळ्या कामात: भारतातलं मुख्यालय ठाण्यात असलेली फिनलंडची हुहतामाकी लवचीक वेष्टनांत, चाकणला कारखाना असलेली टेट्रा पॅक पेयांच्या कार्टनमध्ये.

‘एक खोका म्हणजे एक फांदी तुटली’ असंही पर्यावरणाची कळकळ असलेले लोक म्हणतात. भारतातल्या कागदउद्योगाचा सुमारे 70 टक्के कच्चा माल रद्दी आहे, आणि खोक्याचा तपकिरी कागद तर मुख्यत्वे रद्दीचाच. देशात गोळा होणारी रद्दी पुरत नाही म्हणून अमेरिका-युरोपातूनही ती जहाजाने येते. उरलेल्यात उसाचं चिपाड आणि शेतकऱ्यांनी बांधावर लावलेल्या निलगिरी, सुबाभूळ, सुरू यांचा वाटा मोठा आहे. उद्योगांनी आपला कच्चा माल शक्यतो शेतकऱ्यांच्या साथीने जंगलाबाहेर वाढवावा, असं 1988 च्या राष्ट्रीय वननीतीने सांगितलं होतं. त्याआधीचा इतिहास मात्र विसरता येत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीचा बांबू अनेक दशकं बल्लारपूरच्या गिरणीत जात राहिला, आणि त्या बांबूवरचा गावाचा हक्क गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला प्रत्यक्ष मिळायला 2011 साल उजाडावं लागलं. थोडक्यात, कागदावर जंगलाचं ऋण आहे, फक्त ते आंब्याच्या खोक्याच्या नावावर मांडणं चुकीचं आहे.

रद्दीचीही एक मर्यादा असते. प्रत्येक फेरीत लगद्यातले तंतू आखूड होतात आणि पाच-सात फेऱ्यांनंतर त्यांची पकड संपते. म्हणून निर्यातीच्या भक्कम खोक्याला थोडा नवा, लांब तंतूंचा कागद लागतोच.

बागायतदाराच्या खिशाला थेट भिडणारा समज आता घेऊ: ‘जास्त प्लाय म्हणजे जास्त मजबूत.’ प्लाय म्हणजे कागदाचे थर. तीन प्लायपेक्षा पाच प्लाय चांगला, सात प्लाय त्याहून चांगला, अशा हिशेबाने खरेदी होते. खोक्याचं बळ प्लायच्या संख्येइतकंच कागदाच्या प्रतीवर अवलंबून असतं. ती जीएसएम आणि बीएफ या दोन आकड्यांत सांगतात. पहिला कागदाचं वजन सांगतो, दुसरा तो दाबाने फाटायला किती विरोध करतो ते. हलक्या कागदाचा पाच प्लाय खोका चांगल्या कागदाच्या तीन प्लायपुढे हरू शकतो. पन्हळी उभ्या हव्यात, कारण वरचा भार त्या खांबांसारख्या पेलतात. आणि हा भार मुख्यतः चार कोपरे उचलतात. म्हणून कोपऱ्यावर कोपरा ठेवून थप्पी लावली तर ती टिकते. विटांच्या बांधकामासारखी सांधे चुकवून लावली तर दिसायला भक्कम वाटते, पण खोक्यांचं बळ निम्म्यापर्यंत उतरू शकतं. ट्रक भरणाऱ्या प्रत्येक हमालाला हे कुणीतरी नीट समजावून सांगायला हवं.

चुकीच्या थप्पीनंतर खोक्याचा दुसरा शत्रू दमटपणा. हवेत 90 टक्के आर्द्रता असली तर पुठ्ठ्याची दाब सोसण्याची ताकद कोरड्या हवेच्या मानाने निम्म्यावर येते. मे महिन्याच्या उत्तरार्धात कोकणात हवा कशी असते ते सांगायला नको. तेव्हा दमट भिंतीला टेकवून आठवडाभर ठेवलेले खोके भरायला घेतले तर खालच्या थरातला आंबा दबणारच, आणि दोष मात्र वाहतूकदाराला दिला जाईल. खोके फळीवर, भिंतीपासून दूर ठेवले तर त्यात खर्च काही नाही.

‘भोकं पाडली की खोका कमजोर होतो, म्हणून नकोतच’ असं काहीजण म्हणतात. भोकांनी बळ थोडं घटतं हे खरं. पण काढलेला आंबा श्वास घेत असतो, ऊब आणि इथिलीन सोडत असतो. ती बाहेर गेली नाही तर फळ आतून लवकर आणि वेडंवाकडं पिकतं. बाजूच्या पृष्ठभागाच्या साधारण 5 टक्के भोकं, तीही कोपऱ्यांपासून दूर, हा तोडगा चालतो. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याची गोष्ट वेगळी. 1989 पासून बंद असलेली ती बाजारपेठ 2007 मध्ये उघडली ती विकिरणाच्या अटीवर, आणि पहिला माल लासलगावच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ‘कृषक’ केंद्रातून गेला. किमान 400 ग्रे मात्रा आंबा खोक्यात भरल्यावरच दिली जाते. त्यानंतर आत कीड शिरू नये म्हणून भोकांना बारीक जाळी लावतात. पुठ्ठ्याला निर्यातीत आणखी एक सोय आहे: लाकडाचं वेष्टन परदेशी पाठवायचं तर ते 56 अंशांवर 30 मिनिटं तापवण्यासारखी प्रक्रिया करून शिक्का घ्यावा लागतो, पुठ्ठ्याला ती अट नाही.

खोक्यावर ‘रत्नागिरी हापूस’ छापलं म्हणजे आंबा रत्नागिरीचा, ही समजूत ग्राहकाला सगळ्यात महागात पडते. छपाई कुणीही करून घेऊ शकतो. 2018 मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या फळासाठी. ते वापरणाऱ्या बागायतदाराला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. त्या नोंदणीबद्दल विचारा. सच्च्या बागायतदाराला अशा प्रश्नाचा राग येत नाही.

खोक्यात न जाणारा आंबा कॅनिंगला जातो. तिथून तो 850 ग्रॅमच्या डब्यात, 215 किलोच्या ॲसेप्टिक ड्रममध्ये आणि पुढे पेयांच्या कार्टनमध्ये पोचतो. या कार्टनला सगळेच टेट्रा पॅक म्हणतात, पण ते कंपनीचं नाव आहे. स्वीडनमध्ये लुंड इथे 1951 मध्ये रुबेन राउसिंग यांनी ती सुरू केली. साणंदला कार्टन बनवणारी युफ्लेक्स तर भारतीयच आहे. ‘महिनोन्‌महिने टिकतं म्हणजे आत प्रिझर्व्हेटिव्ह असणार’ हा समज फार घट्ट रुजला आहे. टिकण्याचं कारण वेगळं: पेय काही सेकंद तापवून निर्जंतुक करतात, कार्टनचा कागद वेगळा निर्जंतुक करतात आणि दोघांची गाठ निर्जंतुक जागेतच घालतात. आंब्याचा रस मुळात आम्ल असल्याने त्याला दुधाच्या मानाने कमी उष्णता पुरते. काही पेयांत प्रिझर्व्हेटिव्ह घालतातही, पण त्यासाठी वेष्टनाकडे बोट दाखवू नका, घटकांची यादी वाचा.

या कार्टनला कुणी प्लॅस्टिक म्हणतं, कुणी कागद. त्यात वजनाने सुमारे 75 टक्के पुठ्ठा, 20 टक्क्यांच्या आसपास पॉलिथिन आणि 5 टक्क्यांपर्यंत ॲल्युमिनियम असतं. पाण्यात घुसळून पुठ्ठ्याचा लगदा सुटा होतो, उरलेल्याचे दाबून पत्रे होतात. प्रक्रिया जमते, अडतं ते गोळा करण्यात. वजनाला हलकं, भावाला कमी, म्हणून रद्दीवाला ते घेत नाही.

कागदाला प्लॅस्टिक चिकटलेलं असण्याचा हाच मुद्दा चहाच्या कागदी कपाला लागू आहे. त्याच्या आत बहुधा पॉलिथिनचा पातळ थर असतो, नाहीतर चहा हातावर येईल. महाराष्ट्राने जुलै 2022 मध्ये प्लॅस्टिकचा थर दिलेल्या एकदा वापरायच्या कागदी कप-ताटांवरही बंदी घातली, ती याच कारणाने. आणि वर्तमानपत्रात बांधलेली भजी? छपाईच्या शाईत शिशासारखे जड धातू असू शकतात आणि गरम तेलात ते लवकर उतरतात. अन्न वर्तमानपत्रात बांधायला 2018 च्या नियमांनी मनाई केली आहे आणि 2023 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ती पुन्हा बजावली. वर्तमानपत्राची जागा रद्दीच्या गठ्ठ्यात आहे. तिथून ते कोरडं, तेलाचा डाग न लागता गिरणीत पोचलं तर पुढच्या हंगामातल्या खोक्याचा कागद होऊ शकतं.