पहिली एबीसीडी, दुसरी एबीसीडी

माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षे शिक्षिका होती. पाचवीच्या मुलांची इंग्रजीशी पहिली ओळख करून देण्याचे काम बहुधा तिच्याकडेच असे. त्या काळी मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचे आणि एबीसीडी एक नव्हे, चांगल्या चार असायच्या. पहिली छापील मोठी, दुसरी छापील लहान, तिसरी आणि चौथी वळणदार, हाताने लिहायची. चाररेघी वहीत मोठ्या अक्षराने किती रेघा चढायचे आणि लहानाने कुठे थांबायचे, हे आईने किती मुलांच्या हाताला धरून शिकवले असेल, त्याची गणती नाही.

त्याच आईला गेल्या नोव्हेंबरात तिच्या बँकेच्या संगणकाने तीनदा 'चूक' म्हणून परत पाठवले.

झाले असे, की निवृत्तिवेतन जमा झाले की नाही ते घरबसल्या पाहता यावे म्हणून मीच तिला बँकेच्या व्यवहाराची सोय संगणकावर लावून दिली होती. पासवर्ड ठरवला नातवाच्या नावाचा, पुढे चार आकडे. फोनवरून एकेक अक्षर सांगितले, तिने डायरीत टिपून घेतले. आयुष्यभर सरकारी फॉर्म 'कॅपिटल अक्षरांत भरा' या सूचनेबरहुकूम भरलेले. तिने पासवर्डही सगळाच्या सगळा पहिल्या एबीसीडीत लिहिला. प्रत्यक्षात मी पहिले अक्षर तेवढे मोठे ठेवले होते, बाकीची लहान. ते सांगायचे माझ्या डोक्यातच आले नाही.

तिसऱ्या चुकीनंतर खाते बंद झाले. आई एस. टी. पकडून तालुक्याच्या शाखेत गेली. काउंटरवरचा मुलगा चांगला होता. म्हणाला, "आजी, कॅपिटल-स्मॉल बघून टाकत चला." रात्री तिचा फोन आला.

"अरे, अक्षर तर तेच आहे ना? नाव तुझ्याच मुलाचं, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. मग चूक कसली?" आणि थोडे थांबून, "जाऊ दे. आता हे आपल्याला जमायचं नाही."

मराठी माणसाला एका अक्षराची किंमत सांगायला नको. 'ध'चा 'मा' झाला आणि नारायणराव पेशव्यांचा जीव गेला, ही आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण तिथे निदान अक्षर तरी बदलले होते. आईने तेही बदलले नव्हते. तिचा प्रश्न मला काही झोपू देईना. अक्षर तेच, तर चूक कसली?

याचे उत्तर असे, की संगणकाला अक्षर दिसतच नाही. त्याला आकडा तेवढा कळतो. मोठ्या ए-चा आकडा ६५ आणि छोट्या ए-चा ९७. मोठ्या बी-चा ६६, छोट्याचा ९८. आपल्या लेखी हा एकच माणूस, कधी फेटा बांधून आलेला, कधी बोडका. संगणकाच्या लेखी ही दोन वेगळी माणसे, वेगवेगळ्या घर नंबरांवर राहणारी.

हे नंबर कुणी लहरीने वाटलेले नाहीत. एका ओळीत मांडलेले सात दिवे डोळ्यांसमोर आणा. डावीकडून प्रत्येक दिव्याची किंमत ६४, ३२, १६, ८, ४, २ आणि १. पहिला आणि शेवटचा दिवा लावला, की ६४ अधिक १ म्हणजे ६५, मोठा ए. त्यातच ३२ चा, म्हणजे दुसरा दिवा लावला, की ९७, छोटा ए. इंग्रजीची सव्वीसच्या सव्वीस अक्षरे घ्या, मोठ्या आणि लहान अक्षरांत फरक त्या एकाच दिव्याचा. अक्षरे २६, तर मोठ्या आणि लहान लिपीतले अंतरही २६ ठेवता आले असते. ते मुद्दाम ३२ ठेवले, म्हणजे एक दिवा लावला किंवा विझवला की काम भागते. 'आस्की' या नावाने ओळखली जाणारी ही अमेरिकन सांकेतिक व्यवस्था पहिल्यांदा १९६३ मध्ये जाहीर झाली.

गंमत अशी, की १९६३ च्या त्या यादीत लहान अक्षरे नव्हतीच! ती आली १९६७ च्या सुधारणेत. त्याआधीच्या बऱ्याच यंत्रांत अक्षरासाठी सहाच दिवे असत. सहा दिव्यांच्या ६४ तऱ्हा होतात. मोठी २६, लहान २६ आणि दहा आकडे मिळून ६२. मग स्वल्पविराम, पूर्णविराम, बेरजेचे चिन्ह कुठे बसवायचे? तेव्हा लहान अक्षरांना रजा दिली गेली. आयबीएम कंपनीने १९६४ मध्ये 'सिस्टिम ३६०' ही यंत्रे जाहीर केली, त्यांत सहाऐवजी आठ दिवे ठेवले आणि लहान लिपीला जागा झाली. हा बदल करणारे फ्रेड ब्रुक्स पुढे सांगत, की आपल्या हातून झालेला सर्वांत महत्त्वाचा निर्णय तोच. तरीही १९७७ च्या 'ॲपल टू' या गाजलेल्या घरगुती संगणकाच्या कीबोर्डवरून लहान अक्षर उमटत नसे.

या दोन लिप्यांना इंग्रजीत जी नावे आहेत, तीही छापखान्यातूनच आली. जुन्या छापखान्यात कंपोझिटर उभा राहून खिळे जुळवायचा. समोर खणाखणांच्या लाकडी पेट्या, त्यांना म्हणत केस. मोठ्या अक्षरांचे खिळे वरच्या केसमध्ये, लहानांचे खालच्या. म्हणून ते 'अप्पर केस' आणि हे 'लोअर केस'. खिळे गेले, पेट्या गेल्या, नावे राहिली.

आता संगणकाला आकडेच कळत असतील, तर तो अक्षरांचा क्रम तरी कसा लावणार? आकड्यांनीच. मोठ्या झेडचा आकडा ९० आणि छोट्या ए-चा ९७. त्यामुळे नुसत्या आकड्यांच्या भरवशावर यादी लावली, तर मोठ्या अक्षरातला झुबीन छोट्या अक्षरातल्या अमितच्या आधी येऊन बसतो. शाळेच्या हजेरीपटात असे झाले, तर गुरुजी दुसऱ्या दिवशी पट फाडतील. म्हणून आज्ञावली लिहिणाऱ्याला आधी सांगावे लागते, की बाबा रे, तुलना करताना तो ३२ चा दिवा लक्षात घेऊ नकोस. दोन्ही ए एकच, हे शहाणपण यंत्राकडे नसते. ते माणसाने त्याला द्यावे लागते.

आणि माणूस ते कुठे देतो, कुठे देत नाही. संकेतस्थळाचे नाव मोठ्या अक्षरांत लिहा की लहान, तुम्ही त्याच दारात पोचता. पासवर्डाचे मात्र तसे नाही, आणि त्याला कारण आहे. आठ अक्षरांचा पासवर्ड नुसत्या लहान लिपीत असेल, तर चोराला जितक्या किल्ल्या लावून पाहाव्या लागतील, त्याच्या २५६ पट किल्ल्या दोन्ही लिप्या चालत असतील तर लागतात. शिवाय नीट बांधलेल्या व्यवस्थेत पासवर्ड जसाच्या तसा ठेवलेला नसतो. त्याचा गणिताने भुगा करून तो भुगा तेवढा ठेवतात. मोठ्या ए-चा भुगा आणि छोट्याचा भुगा यांत काडीचे साम्य राहत नाही. म्हणजे आईचा पासवर्ड 'जवळजवळ बरोबर' होता, हे त्या यंत्राला कळायला मार्गच नव्हता.

बरे, 'मोठे-लहान एकच माना' असे एकदा सांगून सुटका होते म्हणावे, तर तेही नाही. तुर्कस्तानात १९२८ मध्ये अरबी लिपी सोडून रोमन लिपी आली. त्यांच्या भाषेत दोन वेगळे स्वर, म्हणून आयही दोन, एक टिंबाचा आणि एक बिनटिंबाचा. टिंबवाल्याचे मोठे रूपही टिंबासकट. तुर्कीत इस्तंबूल लिहिताना पहिल्या मोठ्या अक्षराच्या डोक्यावर टिंब असते ते त्यामुळेच. आता अमेरिकेत लिहिलेली आज्ञावली तुर्की पद्धतीवर ठेवलेल्या संगणकात गेली, की मोठ्या आयचे लहान रूप बिनटिंबाचे होते, शब्द जुळत नाही आणि घोडे अडते. आज्ञावली लिहिणाऱ्यांच्या जगात हा 'तुर्की आय'चा घोळ प्रसिद्ध आहे.

जर्मनांचे 'एस्झेट' नावाचे अक्षर आहे, एसच्या ठसक्याचे. ते मोठे करायचे तर एकाऐवजी दोन एस लिहायचे, म्हणजे शब्द मोठा केला की लांबीनेही वाढतो. त्याचे स्वतंत्र मोठे रूप तिथल्या अधिकृत लेखननियमांत आले ते थेट २०१७ मध्ये. ग्रीकमध्ये सिग्मा हे मोठे अक्षर एकच, लहान रूपे दोन, शब्दाच्या शेवटी वेगळे आणि इतरत्र वेगळे. तेव्हा मोठ्याचे लहान करताना संगणकाला शब्द कुठे संपतो तेही पाहावे लागते.

हे वाचून देवनागरीच्या माणसाला हायसे वाटेल. आपल्याकडे मोठा क नाही, छोटा क नाही. राजाचे नाव असो की रस्त्यावरच्या दगडाचे, अक्षर तेच. म्हणून इन्स्क्रिप्ट कीबोर्डावर ती मोकळी राहिलेली शिफ्टची कळ आपण आपल्या कामाला लावली. नुसती कळ दाबली की क, शिफ्टसह ख. नुसती ल, शिफ्टसह ळ. रोमन अक्षरांतून मराठी टंकणाऱ्या अनेक पद्धतींत छोटा टी म्हणजे त आणि मोठा टी म्हणजे ट. इंग्रजीचा फेटा आपण असा उच्चाराला बांधला.

पण फार हुरळून जाऊ नये. मागे मी माझ्या फोनमध्ये 'ॲडव्होकेट' शोधत होतो. नाव डोळ्यांनी दिसत होते, फोन म्हणत होता, सापडत नाही. कारण मराठीतल्या या ॲ-ला युनिकोड या जागतिक व्यवस्थेत स्वतःची जागा मिळाली २००८ मध्ये. त्याआधी लोक अ काढून त्यावर वेगळा चंद्र चढवत, आणि अजूनही काही जण चढवतात. दिसायला दोन्ही सारखे, आकडे वेगळे. म्हणजे आईचाच प्रश्न आमच्या लिपीत येऊन मला विचारला गेला. अक्षर तर तेच आहे ना?

आईला मी हे सगळे सांगितले. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे मी चुकले नव्हते. मला विचारलं काय, तेच सांगितलं नव्हतं."

एवढेच तर होते. त्या पडद्यावर 'पासवर्ड चुकीचा आहे' याखाली 'मोठी-लहान अक्षरे तपासून पाहा' अशी एक ओळ मराठीत असती, तर सुरक्षिततेला धक्का लागला नसता आणि एका निवृत्त शिक्षिकेला आपले शिक्षण कमी पडले असे वाटले नसते. ती ओळ लिहायला अर्धा मिनिट लागतो. आणि ती मीही फोनवर सांगितली नव्हती, हे विसरून चालणार नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मी गावी गेलो, तेव्हा खाते पुन्हा सुरू करून दिले. पासवर्ड आईने स्वतः ठरवला, मला सांगितला नाही. फक्त कपाटातून जुनी चाररेघी वही काढून, माझ्याकडे पाठ करून, तिने तो एकदा गिरवून पाहिला. मोठे अक्षर वरच्या रेघेपर्यंत, लहान मधल्या दोन रेघांत. मग ते पान फाडून चुलीत टाकले आणि संगणकासमोर बसली.

पहिल्याच फटक्यात दार उघडले.