एकोणसाठ, ब्रिक लेन

पूर्व लंडनमधल्या फोर्निए स्ट्रीटवर उभं राहून मान चांगली मागे टाकली, तर मशिदीच्या विटांच्या भिंतीवर, अगदी वरच्या त्रिकोणी शिखरात, एक सावलीचं घड्याळ दिसतं. त्यावर १७४३ हे साल कोरलं आहे आणि सोबत दोन लॅटिन शब्द, ‘आपण म्हणजे नुसती सावली’ अशा अर्थाचे. खालून जाणारे फारसे वर बघत नाहीत. त्यांचं लक्ष कोपऱ्यावरच्या बिर्याणीकडे, भिंतींवर रंगवलेल्या चित्रांकडे, नाहीतर हातातल्या फोनकडे. मशिदीच्या माथ्यावर लॅटिन कसं, हे विचारायला कोणी थांबत नाही.

ही वास्तू बांधली फ्रेंच प्रॉटेस्टंटांनी. मग ज्यूंना ख्रिस्ती करायला निघालेल्या एका संस्थेनं ती भाड्यानं घेतली. मग मेथॉडिस्ट आले. मग खुद्द ज्यू आले. आणि १९७६पासून ती लंडन जामे मशीद आहे, सिल्हेटहून आलेल्या बांगलादेशींची. पत्ता एकच, ५९ ब्रिक लेन. युरोपातल्या धार्मिक सलोख्यावर भाषणं होतात तेव्हा या इमारतीचं नाव हमखास निघतं आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सगळे धर्म गळ्यात गळे घालून उभे राहतात. मला ते चित्र काही पटत नाही. इथे दोन धर्म एका वेळी नांदले नाहीत. एकानं बाडबिस्तरा आवरला, मग दुसऱ्यानं चुली मांडल्या. वास्तू टिकली याचं कारण साधं आहे. जाणाऱ्याला ती नकोशी झाली होती आणि येणाऱ्याच्या खिशात नवी बांधण्याइतके पैसे नव्हते. पावणेतीनशे वर्षं ती जुन्या बाजारातल्या शिलाई मशीनसारखी हातोहात फिरली.

पहिले मालक ह्यूगेनॉट, म्हणजे तेच फ्रेंच प्रॉटेस्टंट. १६८५मध्ये चौदाव्या लुईनं नॅन्टचा जाहीरनामा रद्द केला आणि फ्रान्समधल्या प्रॉटेस्टंटांना आपल्या पद्धतीनं उपासना करणं अशक्य झालं. लाखावर माणसं देशोधडीला लागली. इंग्रजीतला ‘रेफ्युजी’ हा शब्द या लोकांबरोबर इंग्लंडात आला. त्यांच्यातले रेशमाचे विणकर लंडनच्या वेशीबाहेर, स्पिटलफील्ड्समध्ये स्थिरावले. फोर्निए स्ट्रीटवरच्या घरांच्या माळ्यांना आजही रुंद खिडक्या दिसतात. मागावरचा रेशमी धागा दिसायला उजेड लागायचा, म्हणून त्या तशा.

त्याच वस्तीतली एक गोष्ट आपल्या जवळची आहे. ईस्ट इंडिया कंपनी सुरतेहून, कोरोमंडल किनाऱ्यावरून आणि बंगालातून रंगीत सुती कापड आणत होती. आपण ज्याला छीट म्हणतो ते. इंग्रजांनी त्याचंच ‘चिंट्झ’ केलं. लंडनच्या बायका त्यावर इतक्या भाळल्या की स्पिटलफील्ड्सचे माग थंडावले. १७१९ आणि १७२० या सालांत विणकर रस्त्यावर उतरले आणि छिटाचे कपडे घातलेल्या बायकांच्या अंगावरचे कपडे त्यांनी भर रस्त्यात फाडले. १७२१मध्ये पार्लमेंटनं कायदा करून असं कापड वापरायलाच बंदी घातली. त्यानंतर बावीस वर्षांनी त्या वस्तीत ही वास्तू उभी राहिली. ज्या बंगालच्या कापडावर गल्ली खवळली होती, त्याच बंगालचे लोक पुढे तिचे धनी झाले. इतिहासाला अशा खोड्या काढायची सवय आहे.

ह्यूगेनॉटांचा हा चर्च म्हणजे खरं तर एक मोठी खोली. ते कॅल्व्हिनपंथी. त्यांना मूर्ती नको, संतांची चित्रं नकोत, नक्षीदार वेदीही नको. उजेड येईल अशा कमानदार खिडक्या, तीन बाजूंना सज्जा, आणि प्रवचन सगळ्यांना ऐकू जावं म्हणून मोकळं दालन. मला वाटतं, या इमारतीच्या दीर्घायुष्याचं निम्मं श्रेय या रिकामपणाला आहे. पुढे आलेल्या मेथॉडिस्टांनाही साधेपणा हवा होता. ज्यूंना मूर्ती निषिद्ध, मुसलमानांनाही निषिद्ध. रंगीत काचांमध्ये संत आणि कोनाड्यांत पुतळे असलेला कॅथलिक चर्च असता, तर प्रत्येक नव्या मालकाला आधी हातोडा घ्यावा लागला असता. इथे बाकं हलवली, फर्निचर बदललं, की काम झालं.

१८०९मध्ये विणकरांची पोरं-नातवंडं इंग्रज होऊन पांगली होती आणि चर्च ओस पडला होता. तो भाड्यानं घेतला ज्यूंमध्ये ख्रिस्ती धर्माचा प्रसार करणाऱ्या मंडळींनी. इतिहासातला हा तुकडा सलोख्याच्या भाषणांत सहसा गाळतात. परधर्मीयाला आपल्यात ओढायचं, हाच तिथला उद्योग होता. दहा वर्षांत त्यांनी गाशा गुंडाळला. १८१९मध्ये मेथॉडिस्ट आले आणि जवळजवळ ऐंशी वर्षं राहिले. सगळ्यांत लांब मुक्काम त्यांचा, आणि त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं सगळ्यांत कमी. स्वस्थ लोक इतिहासाला फारसं काही देत नाहीत.

पुढचा मालक मात्र स्वस्थ बसणारा नव्हता. १८८१मध्ये झार दुसऱ्या अलेक्झांडरची हत्या झाली आणि रशियन साम्राज्यात ज्यूंवर हल्ले सुरू झाले. हजारो कुटुंबं लंडनच्या गोदीत उतरली आणि शिंपीकाम पत्करून या गल्ल्यांत दाटीवाटीनं राहू लागली. त्यांच्यातल्या कर्मठांचा एक गट होता, माखझिके हदास, म्हणजे धर्म बळकट करणारे. लंडनमधल्या प्रस्थापित ज्यूंच्या खाटिकखान्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. तिथलं मांस पुरेसं कोशर, म्हणजे धर्मनियमांत बसणारं, नाही म्हणून त्यांनी मुख्य रब्बींशी भांडण मांडलं आणि स्वतःची वेगळी व्यवस्था उभी केली. १८९८मध्ये त्यांनी या वास्तूत सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनागृह, उघडलं, ते स्पिटलफील्ड्सचं मोठं सिनेगॉग म्हणून ओळखलं जाऊ लागलं. मांसावरून फुटलेला गट एका जुन्या ख्रिस्ती प्रार्थनागृहात बिनदिक्कत शिरला, यात त्यांना काही विसंगत वाटलं नाही. भिंतींना सोवळंओवळं नसतं, ते ताटाला असतं.

आणि भांडणं धर्माधर्मांतलीच असतात असं थोडंच आहे? १९०४च्या योम किप्पूरला, म्हणजे ज्यूंच्या कडकडीत उपासाच्या दिवशी, उपास न मानणारे समाजवादी ज्यू आणि सिनेगॉगमधून बाहेर पडणारे धर्मनिष्ठ ज्यू यांची इथल्या रस्त्यावर जुंपली. पोलिसांना मध्ये पडावं लागलं. पहिल्या महायुद्धात, १९१६पासून तीन वर्षं, इथले रब्बी होते अब्राहम आयझॅक कूक, जे पुढे पॅलेस्टाईनमधले पहिले अश्केनाझी मुख्य रब्बी झाले.

दरम्यान, बऱ्याच आधीपासून गोदीत दुसरेही लोक उतरत होते. ब्रिटिश जहाजांवर हिंदुस्थानी खलाशी शेकड्यांनी असत आणि कामाची वाटणी मुलुखावरून ठरलेली असे. मुंबईहून सुटणाऱ्या मोठ्या जहाजांच्या डेकवर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान दिसत. त्यांच्यावर सारंग आणि तांडेल हे मुकादम. जेवणघरात आणि उतारूंच्या सेवेला गोव्याचे ख्रिस्ती. आणि खाली बॉयलरपाशी, कोळसा लोटत, कलकत्त्याहून भरती झालेले सिल्हेटी आगवाले. जहाज परत निघेपर्यंत हे लोक लंडनच्या थंडीत उपाशी भटकत, तेव्हा त्यांच्यासाठी १८५७मध्ये लाइमहाऊसला एक आश्रयगृह उघडावं लागलं. बॉयलरजवळचं काम सगळ्यांत जीवघेणं, म्हणून जहाज सोडून पळणाऱ्यांत सिल्हेटी पुष्कळ. कोणी हॉटेलात भांडी घासली, कोणी चहाचं दुकान टाकलं. एकानं दुसऱ्याला बोलावलं, गावं जोडली गेली.

नमाजाची सोय तेव्हा जेमतेम होती. लंडनमध्ये मशीद व्हावी म्हणून सय्यद अमीर अली, आगाखान आदींनी १९१०मध्ये निधी उभारला. मुंबईत जन्मलेले आणि कुराणाचं इंग्रजी भाषांतर करणारे अब्दुल्ला युसुफ अलीही पुढे त्याचे विश्वस्त होते. त्यातून पूर्व लंडनची मशीद निघाली ती १९४१मध्ये, कमर्शियल रोडवरच्या तीन राहत्या घरांत. म्हणजे तिचीही सुरुवात दुसऱ्याच्या भिंतींतच झाली. आज ती व्हाइटचॅपल रोडवर, १९८५च्या स्वतःच्या घुमटाखाली आहे. तिला चिकटून १८९९चं एक सिनेगॉग होतं. वर्षानुवर्षं एकाच भिंतीच्या अलीकडे-पलीकडे दोघांची प्रार्थना चाले. ज्यू वस्ती विरळ झाल्यावर २०१५मध्ये तेही मशिदीनं विकत घेतलं.

ब्रिक लेनला तसंच झालं. दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबवर्षावानंतर ज्यू कुटुंबं उत्तरेकडे, गोल्डर्स ग्रीन नि स्टॅमफर्ड हिलला सरकली. शिलाईची यंत्रं मागे राहिली आणि त्यांवर बंगाली माणसं बसली. माळेही तेच, खिडक्याही त्याच. रेशीम गेलं होतं, आता चामड्याची जाकिटं होती. १९७६मध्ये सिनेगॉगची मशीद झाली. दिशेचा प्रश्न फारसा अवघड नव्हता. लंडनहून पाहिलं तर जेरुसलेम आणि मक्का दोन्ही आग्नेयेकडे, मध्ये पाच-सहा अंशांचं अंतर. ज्या अंगाला तोंड करून ज्यू प्रार्थना करत, साधारण त्याच अंगाला नमाजाच्या ओळी वळल्या.

शेजारी मात्र वळले नाहीत. दर रविवारी गल्लीच्या वरच्या टोकाला नॅशनल फ्रंट या वर्णद्वेषी पक्षाचे लोक आपली पत्रकं विकायला उभे राहत. ४ मे १९७८च्या संध्याकाळी अल्ताब अली नावाचा पंचविशीतला कापड-कामगार कामावरून घरी निघाला होता, त्याला वाटेत भोसकून मारलं. केवळ कातडीचा रंग पाहून. दहा दिवसांनी त्याच्या शवपेटीमागून हजारो बंगाली माणसं डाउनिंग स्ट्रीटपर्यंत चालत गेली. तो पडला त्याच्या जवळचीच जागा आज अल्ताब अली पार्क आहे. तीही एकेकाळच्या चर्चचं आवार. ज्या पांढऱ्या चॅपलवरून व्हाइटचॅपल हे नाव पडलं, ते तिथेच होतं.

२००९मध्ये मशिदीशेजारी पोलादाचा एक मनोरा उभा राहिला, चकचकीत, जाळीदार, २९ मीटर उंच, वर चंद्रकोर, रात्री रंगीत दिवे. वास्तू वारसा यादीत असल्यामुळे जुन्या विटांना हात न लावता तो बाजूला, सुटा उभा केला आहे. मला तो फारसा आवडत नाही. लांबून पाहिलं की पलीकडच्या बंद पडलेल्या ट्रुमन बियर कारखान्याच्या चिमणीशी त्याचं नातं लागतं. पण त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात स्वित्झर्लंडनं मिनार बांधण्यावर सार्वमत घेतलं, आणि साडेसत्तावन्न टक्के मतांनी राज्यघटनेत बंदी घातली. अख्ख्या देशात तेव्हा मिनार होते चार. हे वाचल्यावर ब्रिक लेनचा पोलादी खांब मला जरा कमी खटकायला लागला. जर्मनीतल्या कोलोनला तर मोठ्या मशिदीचा वाद अनेक वर्षं गाजला. तिचा वास्तुकार पॉल ब्यॉम हा चर्च बांधणाऱ्यांच्या घराण्यातला. दोन मिनार ५५ मीटरचे.

मशीद जुनी झाली, तशी गल्लीही बदलते आहे. या वॉर्डाच्या अधिकृत नावात २००२पासून ‘बांगलाटाउन’ आहे, रस्त्यांची नावं बंगालीतही लिहिलेली आहेत, पण भाडी अशी भडकली आहेत की करीची दुकानं कमी आणि कॉफीची जास्त झाली. बंगाली तरुण कुटुंबं पूर्वेकडे स्वस्त घरांत चालली आहेत. ज्यूही असेच गेले होते, त्यांच्याआधी फ्रेंचही. यापुढचा मालक कोण, हे गल्लीत कोणी मोठ्यानं बोलत नाही.

भिंतीवरच्या घड्याळाला यातलं काही ठाऊक नाही. आणि तरी मशिदीच्या हाती पडलेला हा वारसा तिच्या कामाचा आहे. जुहरची, म्हणजे दुपारच्या नमाजाची, वेळ सुरू होते ती सूर्य माथ्यावरून ढळल्यावर. असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची, वेळ सावलीच्या लांबीवरून ठरते. हनफी रिवाजात वस्तूच्या दुप्पट सावली झाली की, माध्यान्हीची सावली सोडून. आज वेळापत्रक छापून येतं, पण त्यातले आकडे सावलीच्याच हिशेबाचे. लंडनमध्ये हा हिशेब तऱ्हेवाईक होतो. डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो, तेव्हा दुपार नि संध्याकाळ एकमेकींच्या पायात येतात. जूनमध्ये मगरीब, सूर्यास्तानंतरचा नमाज, साडेनऊच्या सुमारास, म्हणजे हॉटेलातला वेटर ऐन गर्दीत असताना.

१९१६पासून इंग्लंडात उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात. दगडाला ते कसं समजणार? जुलैतल्या एखाद्या शुक्रवारी ऊन पडलं असेल, तर फोर्निए स्ट्रीटवर पोरं-म्हातारे टोप्या सारख्या करत, दारात बूट काढत असतात. त्यांच्या मनगटांवर एक वाजून गेलेला असतो. वर भिंतीवर नुकते कुठे बारा.