दहावी आज्ञा आणि शरणपूर

बायबलमधील दहा आज्ञांपैकी शेवटची आज्ञा (प्रोटेस्टंट क्रमानुसार, निर्गम, अध्याय २०) शेजाऱ्याचे घर, पत्नी, दास-दासी, बैल, गाढव यांचा लोभ धरण्यास मनाई करते. चोरी वा खोटी साक्ष राज्याचा कायदाही रोखू शकतो. ही आज्ञा मात्र कृतीआधीच्या वासनेलाच हात घालते. षड्रिपूंची कल्पना परिचित असलेल्या मराठी वाचकास ती परकी वाटणार नाही. इतरांजवळचे पाहून हवेसे वाटावे यावरच बरीचशी जाहिरातबाजी चालत असल्याने तिचा रोख आजही बोथट झालेला नाही.

तिच्या शब्दांवर मात्र काळाची छाप आहे. चौथी आज्ञा दासालाही साप्ताहिक विश्रांती देते. येथे तोच दास बैलाशेजारी मालमत्तेत मोजला जातो. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ 'गुलाम' असाही होतो. चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ मध्ये नाशिकजवळ वसवलेल्या शरणपूर येथे ही विसंगती केवळ पुस्तकी नव्हती. गुलामांच्या व्यापारातून सोडवलेली आफ्रिकी मुले तेथे शिकत, आणि सोसायटीच्या अँग्लिकन पंथाच्या धर्मशिक्षणात दहा आज्ञांचे पाठांतर असे. तेथे शिकलेले जेकब वेनराइट पुढे डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या पार्थिवासोबत इंग्लंडला गेले. १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतील दफनविधीत शवपेटीच्या मानकऱ्यांमध्ये त्यांचा समावेश होता.