रीस्टार्टच्या आधीची दहा मिनिटं

मागच्या व्याख्यानात आपण प्रमाणांविषयी बोललो, प्रत्यक्ष आणि अनुमान. नंतर एका श्रोत्याने विचारलं, "सर, आम्ही दिवसभर सर्व्हर सांभाळतो. आम्हाला याचा उपयोग काय?" प्रश्न रास्त आहे. मी काही इंजिनियर नाही, तत्त्वज्ञानाचा मास्तर आहे. पण पुरावा कसा गोळा करावा, हा प्रश्न त्यांचा आणि माझा एकच आहे. म्हणून आज युनिक्सवर बोलतो.

एक घटना सांगतो. मी शिकवत होतो त्या संस्थेतला लिनक्स सर्व्हर परीक्षेचे अर्ज भरायच्या दिवसांत मधूनच ठप्प व्हायचा. झाला की रीस्टार्ट करायचा, आणि गाडी पुन्हा रुळावर. दोन-चार दिवसांनी परत तेच. दोष आला नव्याने लागलेल्या एका मुलावर. त्याने आठवड्यापूर्वी डेटाबेसची एक सेटिंग बदलली होती. हा आला आणि बिघाड सुरू झाला, झालं! आपल्याकडे याला काकतालीय न्याय म्हणतात: कावळा बसायला आणि फांदी मोडायला. गोष्ट त्या मुलाच्या नोकरीपर्यंत गेली होती.

आता बघा, रीस्टार्टने नेमकं काय होतं? यंत्र चालू होतं, पण साक्षीदार मरतो. त्या क्षणी कोणती प्रोसेस कशासाठी अडली होती, हे फक्त मेमरीत असतं. प्रोक नावाच्या डिरेक्टरीत ज्या फायली दिसतात त्या डिस्कवर नसतातच. आपण वाचायला गेलो की कर्नल त्या क्षणाची माहिती तिथे मांडतो. डीमेसेज ही कमांड कर्नलचे संदेश दाखवते, तेही मेमरीतल्या एका ठराविक आकाराच्या बफरमधून. नवे आले की जुने पुसले जातात. ते लॉग फायलीतही उतरतात, मान्य. पण डिस्कच आजारी असेल तर उतरणार कुठे?

म्हणून आधी नोंद, मग उपचार. क्रम साधा आहे. पहिल्यांदा डेट, म्हणजे वेळ. वेळ नसलेली नोंद दुसऱ्या कुठल्याच नोंदीशी जुळवता येत नाही. मग अपटाइम, पीएस, व्हीएमस्टॅट, डीमेसेज, आणि डिस्क किती भरली ते सांगणारी डीएफ. हे सगळं दुसऱ्या डिस्कवर किंवा दुसऱ्या मशीनवर साठवायचं. ज्या डिस्कवर संशय आहे तिच्यावरच लिहायचं नाही. दहा मिनिटांचं काम आहे. फोन खणखणत असताना ती दहा मिनिटं फार मोठी वाटतात, हे मला ठाऊक आहे.

पण नुसतं गोळा करून भागत नाही, आकडा कशाचा आहे हे कळावं लागतं. व्हीएमस्टॅटची पहिली ओळ घ्या. तिच्यातले सीपीयू आणि डिस्कचे आकडे यंत्र सुरू झाल्यापासूनची सरासरी असतात, आत्ताचे नव्हेत. म्हणून दर सेकंदाला एक अशा दहा ओळी घ्यायच्या आणि पहिली सोडून द्यायची. पुष्कळ जण नेमकी तीच वाचतात.

दुसरं उदाहरण लोड ॲव्हरेजचं. अपटाइम तीन आकडे देतो: १, ५ आणि १५ मिनिटांचे. लोड वाढला की लोक म्हणतात सीपीयू दमला. आपल्या नैयायिकांना हे चाललं नसतं. धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती खरी आहे. लोड तिथे सीपीयूचा ताण, ही नाही. कारण लिनक्समध्ये डिस्ककडून उत्तर यायची वाट बघत अडकलेल्या प्रोसेसही लोडमध्ये मोजल्या जातात. पीएसच्या यादीत त्यांच्यापुढे 'डी' हे अक्षर दिसतं. सीपीयू मोकळा बसलेला असतानाही लोड चढू शकतो. साध्य नसतानाही हेतू दिसतो, त्याला न्यायशास्त्रात सव्यभिचार हेतू म्हणतात. हेत्वाभासच तो.

आमच्याकडे तेच झालं होतं. पुढच्या वेळी सर्व्हर अडला तेव्हा त्या मुलाने सगळ्यांची बोलणी खाल्ली, पण आधी नोंदी घेतल्या. लोड ४० च्या वर, सीपीयू बहुतांश रिकामा, 'डी' अवस्थेतल्या प्रोसेसची रांग, आणि डीमेसेजमध्ये डिस्कच्या चुका ओळीने. डिस्क बदलली, प्रश्न मिटला. सेटिंगचा काही संबंध नव्हता. तीच पानं आधी कोणी घेतली असती तर त्या मुलाला ते पंधरा दिवस काढावे लागले नसते.

जाता जाता तीन गोष्टी सांगतो. एक, बघण्यानेही यंत्रावर भार पडतो. एसट्रेससारखं साधन चालत्या प्रोसेसला लावलं की ती बरीच मंदावते, म्हणून हलकी साधनं आधी. दोन, गोळा केलेल्या फायलींत पासवर्ड आणि लोकांची खाजगी माहिती असू शकते. बाहेर पाठवण्याआधी वाचून बघा. तीन, यंत्र निरोगी असतानाच्या नोंदीही ठेवा. सार हे साधन दर १० मिनिटांनी नोंद घेईल असं लावून ठेवता येतं. अन्वयाला व्यतिरेकाची जोड हवी: बिघाड असताना जे दिसतं ते बिघाड नसतानाही दिसत असेल, तर ते कारण कसं म्हणायचं?

आता प्रश्न घेऊ. मागे बसलेल्यांनी जरा मोठ्याने विचारा, मला हल्ली कमी ऐकू येतं.