अमेलिया इअरहार्टचे दप्तर : जतनाचा एक प्रश्न

२ जुलै १९३७ रोजी प्रशांत महासागरातील हाउलंड बेटाचा शोध घेत असता अमेलिया इअरहार्ट व तिचा मार्गदर्शक फ्रेड नूनन विमानासह नाहीसे झाले. विमान हाती आले नाही. कागद मात्र उरले. ते उरण्याचे कारण असे की, जूनमध्ये कराची, कलकत्ता असे टप्पे घेत पुढे जाताना तिने वृत्ते व टिपणे वाटेतूनच घरी धाडली होती. त्यांवरून तिचे पती व प्रकाशक जॉर्ज पटनम यांनी ‘लास्ट फ्लाइट’ हे पुस्तक त्याच वर्षी सिद्ध केले. पुढे १९४० मध्ये त्यांनी तिचे दप्तर अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठास दिले. तेथे ती १९३५ पासून विद्यार्थिनींना व्यवसायविषयक सल्ला देत असे.

हा संग्रह पूर्ण नव्हे. १९३४ च्या अखेरीस राय येथील घरास लागलेल्या आगीत पुष्कळसे कागद नष्ट झाले होते. काही कागदपत्रे रॅडक्लिफच्या श्लेसिंजर ग्रंथालयात आहेत. आणि विवाहाच्या दिवशी, ७ फेब्रुवारी १९३१ रोजी, तिने पटनम यांस लिहिलेले स्पष्टोक्तीचे पत्र पर्ड्यूस लाभले ते २००२ मध्ये, पटनम यांच्या नातीकडून.

संशोधकाच्या दृष्टीने खरी अडचण निराळीच आहे. पटनम हे जसे दप्तराचे रक्षक तसेच तिच्या कीर्तीचे शिल्पकारही होते. तेव्हा छापील मजकूर आणि मूळ टिपण यांत कोठे अंतर पडते, हे पाहावयाचे तर कागदांचा आलेला क्रम मोडता कामा नये. कारण तो क्रमही पुरावाच होय. विषयवार मांडणी वाचकास सोयीची खरी, परंतु तीमुळे कोणी काय शेजारी ठेवले हे कायमचे पुसले जाते.

कात्रणवह्यांत हा पेच अधिकच कठीण होतो. लाकडाच्या लगद्याचा वृत्तपत्री कागद आम्लामुळे तांबूस व ठिसूळ होतो, शेजारच्या पानासही डागाळतो. कात्रणे सोडवावीत तर वहीची रचना जाते. न सोडवावीत तर वहीच झिजते. म्हणून प्रथम प्रत्येक पानाचे संपूर्ण छायाचित्र घ्यावे, मग पानांमध्ये आम्लरोधक कागद घालून वही थंड, कोरड्या जागी ठेवावी, हा मार्ग त्यातल्या त्यात निर्धोक. पर्ड्यूने संग्रहाचा मोठा भाग संगणकीय प्रतिमांच्या रूपाने खुला केला आहे. तथापि शाईचा दाब, पेन्सिलीची खाडाखोड, पानामागील नोंद यांसाठी अभ्यासकास मूळ कागदाकडेच जावे लागते.