तिथीची पाऊणपट : वेसाव्याहून उत्तनपर्यंत एक दिवस

मुंबईकराची किनाऱ्यावरची सहल जुहूला सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. जुहूला सांगण्यासारखं काही नाही असं नव्हे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपालाचं विमान घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे आले, ते जुहूच्याच धावपट्टीवर उतरले. १९७८ पासून पृथ्वी थिएटर तिथे आहे. पण ज्याच्या हाती अख्खा दिवस आहे, त्याने जुहूकडे पाठ करून उत्तरेकडे निघावं. वेसावे, मढ, एरंगळ, अक्सा, मार्वे, मनोरी, गोराई, उत्तन ही सगळी गावं दोन फेरीबोटी, दोन-तीन रिक्षा आणि एक बस एवढ्या सामग्रीवर दिवसाभरात होतात. अलिबागसाठी पहाटे उठून धक्का गाठणाऱ्यांना हा किनारा आठवत नाही, याचं नवल वाटतं.

निघण्याआधी घड्याळापेक्षा पंचांग पाहिलेलं बरं. किनारपट्टीवरच्या जुन्या माणसांचा हिशेब सोपा आहे: तिथीला तिनाने गुणावं आणि चाराने भागावं, की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. वद्य पक्षात मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी लागून संपते आणि दुसरी भरती येते ती बारा तासांहून थोडी उशिरा. म्हणून रोजची वेळ पाऊणएक तासाने पुढे सरकते. हा अंदाज आहे, नेमक्या वेळेसाठी भरती-ओहोटीचं छापील कोष्टक असतंच. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस, तेव्हा पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, मुंबईत त्या दिवसांत पाण्याची उंची चार-पाच मीटरने वरखाली होते. या सहलीला उधाणाचा दिवस चांगला. सकाळी खाड्या भरलेल्या असतात, बोटीत चढताना चिखल तुडवावा लागत नाही, आणि संध्याकाळी उत्तरेच्या टोकाला पोहोचेपर्यंत पाणी मागे हटून खडक उघडे पडतात.

सुरुवात वेसाव्याला करावी. मेट्रोने २०१४ पासून वर्सोवा हे नाव स्थानकावर मिरवलं आहे, पण स्थानकापासून कोळीवाडा अजून बराच पुढे आहे आणि रिक्षावाल्याला 'कोळीवाडा' म्हटलेलं बरं. सकाळी धक्क्यावर मासळी उतरते, बर्फ फुटतो, लिलावाचा आवाज चढतो. इथे उगाच मध्ये उभं राहू नये. लोक कामावर असतात. याच उपनगरात १९६१ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय मत्स्यिकी शिक्षण संस्था आहे. देशभरातली मुलं इथे मत्स्यविज्ञान शिकायला येतात. पिढ्यान् पिढ्या समुद्र वाचणारे आणि पदवीसाठी तो अभ्यासणारे असे शेजारी दुसरीकडे क्वचितच सापडतील.

वेसाव्याची वाळू एकेकाळी प्लास्टिकखाली गेली होती. ऑक्टोबर २०१५ मध्ये वकील अफरोज शाह यांनी ती उचलायला सुरुवात केली. शनिवार-रविवारी माणसं जोडली गेली, आणि २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यांना 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ' हा सन्मान दिला. मार्च २०१८ मध्ये याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे चालत गेली. कचरा मात्र दर पावसाळ्यात समुद्र परत आणून टाकतो. किनारा एकदा स्वच्छ झाला म्हणजे झाला, असं इथे नसतं.

वेसावे आणि मढ यांच्यामध्ये जेमतेम एक खाडी आहे. फेरीबोट ती काही मिनिटांत ओलांडते आणि माणसांबरोबर मोटारसायकलीही नेते. हाच प्रवास मालाडवरून रस्त्याने केला तर वीसेक किलोमीटर पडतात. पावसाळ्यात फेऱ्यांचा भरवसा धरू नये. वर्सोवा-मढ पूल आणि वर्सोव्याहून दहिसर-भाईंदरकडे जाणारा किनारी रस्ता या महापालिकेच्या योजना आहेत. मढच्या माणसाला रात्री-अपरात्री दवाखाना गाठायचा असेल तर पूल हवा, यात वाद नाही. पण रस्त्याच्या वाटेत कांदळवनं आहेत, आणि मढ-मनोरी अजून गावं राहिली याचं मोठं श्रेय न झालेल्या पुलांना आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

मढच्या टोकाला पोर्तुगिजांनी बांधलेला वेसाव्याचा किल्ला आहे. तो हवाई दलाच्या ताब्यात असल्याने परवानगीशिवाय आत जाता येत नाही. बाहेरून तट पाहावा आणि पुढे निघावं. चित्रीकरणाच्या निमित्ताने हा तट अनेकांनी पडद्यावर आधीच पाहिलेला असतो. गावात खरी पाहण्याजोगी गोष्ट म्हणजे बांबूच्या वलांडी आणि त्यांवर तोंडात तोंड अडकवून टांगलेले बोंबील. बोंबलात पाण्याचा अंश इतका, की तो ताजा फार वेळ टिकत नाही. म्हणून वाळवणं आलं. तो पकडायला डोल जाळं लागतं. पिशवीसारखं हे जाळं समुद्रात रोवून ठेवतात आणि भरती-ओहोटीचा ओघ मासळी त्यात लोटतो. तिथीचा हिशेब कोळ्यांना पाठ का, याचं उत्तर इथे आहे.

मढहून मालाड स्टेशनकडे बेस्टची २७१ क्रमांकाची बस जाते. तिच्या वाटेवर एरंगळ आहे. समुद्राला अगदी लागून सोळाव्या शतकातलं सेंट बोनाव्हेंचरचं चर्च आहे. जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी त्याची जत्रा भरते आणि तिला हिंदूही तितक्याच हौसेने जातात. इतर दिवशी वाळू बहुधा मोकळी असते. पुढची अक्साची चौपाटी दिसायला सर्वांत देखणी, आणि सर्वांत फसवी. उतरत्या पाण्याची ओढ इथे माणसाला आत खेचते. बुडण्याच्या बातम्या दर वर्षी येतात. घोट्यापर्यंत पाय भिजवावेत, जीवरक्षकाची शिट्टी ऐकावी, बस्स.

मार्वेला आय. एन. एस. हमला हा नौदलाचा तळ आहे, आणि त्याच्या अंगाने दुसरी फेरीबोट मनोरीला सुटते. पलीकडे पाऊल ठेवलं की शहर एकदम मागे पडतं. मनोरी, गोराई आणि उत्तन मिळून जे बेट होतं त्याला स्थानिक लोक धारावी बेट म्हणतात. शीव-माहीमजवळच्या धारावीशी त्याचा संबंध नाही. इथे कोळी आहेत आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती आहेत. गिरण्या, रेल्वे आणि कचेऱ्यांसाठी गोवा-मंगळूरचे ख्रिस्ती मुंबईत येऊ लागले, तेव्हा इथल्या मूळच्या ख्रिस्ती मराठी भाषकांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, हे नाव घेतलं. घरात मराठी, चर्चमध्ये मराठी, लग्नातली गाणी मराठी. पानगी-सांदणांच्या शेजारी आंबवलेल्या मैद्याच्या तळलेल्या फुगिया, आणि कालवणात बॉटल मसाला. वीसहून अधिक जिन्नस उन्हाळ्यात भाजून-कुटून बिअरच्या गडद बाटल्यांत ठासून भरतात, प्रकाश लागू नये म्हणून. दुपारचं जेवण इथेच करावं, मात्र घरगुती जेवण हवं असेल तर आधी कळवावं लागतं.

गोराईची दोन रूपं आहेत. एक भाजीमळे आणि ताडांचं, दुसरं एस्सेलवर्ल्डचं. १९८९ मध्ये उघडलेलं ते मनोरंजन उद्यान २०२२ मध्ये बंद झालं. शेजारी वॉटर किंगडम हे जलउद्यान आहे. पण त्याच आवारालगतचा ग्लोबल विपश्यना पॅगोडा चुकवू नये. ८ फेब्रुवारी २००९ रोजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचं उद्‌घाटन झालं. इगतपुरीच्या केंद्रामुळे महाराष्ट्राला परिचित असलेल्या सत्यनारायण गोएंका यांची ही कल्पना, नमुना यांगूनच्या श्वेडागोन पॅगोड्याचा, दगड जोधपूरचा. आत एकही खांब नाही. एकात एक अडकवलेल्या दगडांवर सुमारे ८५ मीटर व्यासाचा घुमट उभा आहे, विजापूरच्या गोलघुमटाच्या जवळपास दुप्पट, आणि त्याखाली आठ हजार साधक बसू शकतात. ध्यानकक्षात प्रवेश विपश्यनेचं शिबिर केलेल्यांनाच. इतरांनी काचेतून पाहावं.

शेवट उत्तनला. इथून ठाणे जिल्हा लागतो. चौक गावाच्या बाजूला धारावीच्या किल्ल्याचे अवशेष आहेत आणि समोर वसईच्या खाडीचं तोंड. किल्ल्याची जागा पाहिली की १७३९ ची मोहीम नकाशाशिवाय कळते. १७३७ च्या स्वारीत साष्टी मराठ्यांकडे आली, तरी वेसावे आणि धारावी हाती असेपर्यंत पोर्तुगिजांना वसईकडे समुद्रातून मदत पाठवता येत होती. १७३९ च्या सुरुवातीला ही दोन्ही ठाणी पडली आणि मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली. तिथल्या चर्चच्या घंटा देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा त्यांपैकीच एक. गंमत म्हणजे त्याच उत्तनच्या बंदरात आज नाकाडावर क्रूस मिरवणाऱ्या बोटी उभ्या असतात, आणि त्यांवरचे खलाशी एकमेकांना मराठीत हाका मारतात.

उत्तनहून भाईंदर पश्चिमेला बस मिळते आणि तिथून लोकल. सुके बोंबील मात्र उत्तनलाच घ्यावेत, वाळवणाऱ्या बाईकडूनच, आणि घासाघीस बेताने. सोबत घट्ट झाकणाचा डबा न्यावा आणि तो दोन पिशव्यांत गुंडाळावा. संध्याकाळच्या गर्दीत शेजारचा प्रवासी मत्स्याहारी असेलच असं नाही.