बोरघाट (सायकल चढण)

बोरघाट किंवा खंडाळ्याचा घाट हा महाराष्ट्रातील रायगड व पुणे जिल्ह्यांच्या सीमेवरील सह्याद्रीतला घाट असून राज्यातील रस्ता-सायकलपटूंच्या सर्वाधिक परिचित चढणींपैकी एक आहे. पायथ्याचे खोपोली शहर कोकणात, तर माथ्यावरील खंडाळा व लोणावळा ही गावे दख्खनच्या पठाराच्या कडेवर आहेत. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत हा घाट प्रथम चढणाऱ्या स्पर्धकास 'घाटाचा राजा' हा किताब दिला जातो.

चढणीचे स्वरूप

खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने सुमारे दहा किलोमीटर अंतरात जवळपास ५०० मीटर उंची गाठावी लागते. सरासरी चढ पाच टक्क्यांच्या आसपास येतो, मात्र ही सरासरी फसवी आहे. शिंग्रोबा मंदिराकडे जाणारा नागमोडी भाग त्याहून बराच तीव्र असून घाटाचा खरा कस तेथेच लागतो. तुलनेसाठी, याच डोंगरातून १८६३ मध्ये सुरू झालेल्या लोहमार्गाचा कमाल चढ ३७ मीटरला एक मीटर, म्हणजे २.७ टक्के आहे. रेल्वेने बोगदे खोदून व लांबचा वळसा घेऊन जे साधले, ते सायकलस्वाराला जवळजवळ दुप्पट चढावर पायांच्या बळाने साधावे लागते.

स्वार व सायकल यांचे एकत्रित वजन ७५ किलो धरल्यास ही उंची चढण्यासाठी केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे ३.७ लाख जूल इतके कार्य करावे लागते. तेच ४० मिनिटांत करायचे तर सरासरी सुमारे १५० वॅट आणि ३० मिनिटांत करायचे तर २०० वॅटहून थोडी अधिक शक्ती लागते. हवेचा व टायरांचा विरोध यात धरलेला नाही. पुढे ३४ व मागे २८ दात्यांची जोडी वापरून मिनिटाला ७० वेळा पॅडल फिरवल्यास ताशी साधारण साडेदहा किलोमीटर वेग मिळतो. त्यामुळे हलक्या गिअरविना हा घाट सलग चढणे नवशिक्यांना जड जाते. पायथ्याशी कोकणातील दमट हवा असल्याने घामही फार येतो.

इतिहास

जानेवारी १७७९ मध्ये पुण्यावर चालून आलेले ईस्ट इंडिया कंपनीचे सैन्य तोफखान्यासह याच घाटाने वर आले आणि वडगाव येथे मराठ्यांकडून पराभूत झाले. चाकांच्या वाहनांना सुलभ असा रस्ता मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत तयार होऊन १० नोव्हेंबर १८३० रोजी खुला झाला. त्याच काळातील अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात पाडण्यात आला. खंडाळा जवळ आल्याची ती ओळखीची खूण आता उरलेली नाही.

घाटाची वाट इंग्रज अभियंत्यांना शिंग्रोबा नावाच्या धनगराने दाखवली आणि बक्षीस म्हणून देशाचे स्वातंत्र्य मागितल्यामुळे त्याला ठार मारण्यात आले, अशी आख्यायिका आहे. त्याच्या मंदिरापाशी वाहनचालक जाता जाता नाणी वाहतात. दम घेण्यासाठी तेथे थांबणाऱ्या सायकलस्वारांचेही हात जोडले जातात.

घाटाचा राजा

मुंबईतून निघून पुण्यात संपणारी ही शर्यत सुमारे दीडशे किलोमीटरची आहे. पनवेलमार्गे खोपोलीपर्यंतचा बहुतांश रस्ता सपाट असल्याने स्पर्धक तेथवर घोळक्याने येतात. घोळक्यात पुढच्याच्या आडोशाने वाऱ्याचा विरोध टाळता येतो, परंतु चढणीवर वेग घटल्याने हा लाभ जवळजवळ संपतो आणि घोळका फुटतो. घाटाचा राजा ठरलेला स्पर्धक शर्यत जिंकेलच असे नाही, कारण माथ्यानंतर पुण्यापर्यंत बरेच अंतर उरते आणि मागे पडलेले गट त्यात पुन्हा एकत्र येऊ शकतात. फ्रान्समधील तूर द फ्रान्स शर्यतीत पर्वतराजाचे स्वतंत्र वर्गीकरण १९३३ पासून असून तांबड्या ठिपक्यांची जर्सी १९७५ पासून दिली जाते. बोरघाटचा किताब त्याच परंपरेतला आहे.

वाहतूक व सुरक्षितता

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकलींना बंदी आहे, त्यामुळे सायकलस्वार जुना महामार्ग धरतात. अडचण अशी की घाटाच्या वरच्या भागात जुना रस्ता द्रुतगती मार्गाला येऊन मिळतो आणि काही अंतर दोन्हींची वाहतूक एकत्र चालते. चढणीने ताशी दहा किलोमीटरवर आलेला सायकलस्वार आणि अवजड मालमोटारी एकाच रस्त्यावर येणारा हा टप्पा संपूर्ण चढणीतील सर्वांत धोक्याचा आहे. शर्यतीच्या वेळी वाहतुकीचे नियमन केले जाते, परंतु एरवी सरावासाठी येणाऱ्यांना ती सोय नसते. म्हणून पहाटे, गटाने, मागचा लाल दिवा लावून चढणे हिताचे ठरते.

पावसाळ्यात धबधबे व धुके यांमुळे घाट देखणा दिसतो, पण दरड कोसळण्याचा संभव, निसरडा रस्ता आणि कमी दृश्यमानता यांमुळे तो काळ सरावाला प्रतिकूल आहे. उतरताना ब्रेक सतत दाबून धरल्यास रिम तापते, त्यामुळे वळणाआधी वेग कमी करून ब्रेक सोडण्याची पद्धत अनुभवी स्वार पाळतात.